अळी काही शिकली नाही: गुलाबी बोंडअळी, बीटी कपाशी आणि 'सवय' नावाचा घोळ

पऱ्हाटीवाला (धागाकर्ता), शुक्रवार, रात्री ९:४०

परवा गावी होतो. कृषी केंद्रापुढच्या बाकड्यावर चहा चालला होता आणि एक जण ठासून सांगत होता, "आता अळीला बीटीची सवय झाली. वर्षानुवर्षं तेच खाऊन पचायला लागलं तिला. दारुड्याला दारू पचते तसं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, चहाचे पैसे त्यानेच दिले होते. पण ते वाक्य डोक्यातून काही जाईना. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो, घरी यवतमाळ जिल्ह्यात सात एकर कपाशी आहे, आणि बारावीची मुलं उत्तरपत्रिकेत नेमकं हेच लिहितात: 'कीटकांनी विषाची सवय करून घेतली.' मी तिथे अर्धा गुण कापतो. तो का कापतो, त्यासाठी हा धागा.

आधी अळीची ओळख. गुलाबी बोंडअळी, म्हणजे आमच्याकडची शेंदरी. हिची शास्त्रीय नोंद झाली तीच मुळी १८४० च्या दशकात, भडोचच्या कपाशीवरून. म्हणजे पाहुणी नाही, घरचीच आहे. पतंग बोंडाच्या देठापाशी, पाकळ्यांच्या आडोशाला अंडी घालतो. अंड्यातून निघालेली अळी केसाएवढ्या छिद्रातून बोंडात शिरते आणि ते छिद्र मागे बुजून जातं. त्यामुळे झाडावर बोंड हिरवंगार, टणक, तुकतुकीत दिसतं. फोडलं की आत अळी सरकी खात बसलेली. लहानपणी पांढरट, डोकं काळसर, मोठी झाली की अंगावर गुलाबी पट्टे. २०१७ च्या नोव्हेंबरात आमच्या वावरात पहिला वेचा बरा झाला आणि दुसऱ्या वेच्याला बायांच्या ओट्यांत निम्मी कवडी. बोंड अर्धवट उमललेलं, कापूस पिवळट, पाकळीला चिकटून बसलेला. आई एकेक बोंड हातात घेऊन नखाने उकलत होती आणि काही बोलत नव्हती. त्या वर्षी विदर्भ, मराठवाडा, खानदेश सगळीकडे हेच चित्र होतं.

आता विषाचं. बीटीच्या झाडात जिवाणूचं एक जनुक घातलेलं असतं, त्यापासून झाड क्राय नावाचं प्रथिन बनवतं. अळीने ते खाल्लं की तिच्या आतड्यात ते विरघळतं आणि आतड्याच्या पेशींवर काही प्रथिनं असतात त्यांना जाऊन अडकतं. त्यातल्या एकाचं नाव कॅडहेरिन. आपण त्याला खुंटी म्हणू. क्राय खुंटीला अडकलं की पुढे आतड्याला भोकं पडतात आणि अळी मरते. खुंटीच नसेल तर क्राय आतड्यातून तसंच बाहेर जातं. बोंडअळीची 'ताकद' म्हणतात ती बहुतेक एवढीच: मोडकी खुंटी.

ही खुंटी बनवायच्या कृतीच्या प्रत्येक अळीकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एक मोडकी असली तरी दुसरीवरून खुंट्या तयार होतातच आणि अळी मरते. दोन्ही मोडक्या असतील तरच ती जगते. धड प्रतीला 'ध' म्हणू, मोडकीला 'म'. धध मरणार, धम मरणार, मम वाचणार.

समजा हजारात एक प्रत मोडकी आहे. आकडा मी सोयीसाठी धरलाय. दहा लाख अळ्या घेतल्या तर वीस लाख प्रती, त्यात दोन हजार मोडक्या. पण दोन्ही मोडक्या अशी अळी सरासरीने एकच. उरलेल्या सुमारे दोन हजार 'धम', म्हणजे मोडकी प्रत पोटात लपवून फिरणाऱ्या. बीटी आली नसती तर ही मोडतोड तशीच पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली असती, कुणाच्या लक्षातही आली नसती.

आणि मग २००२ साली बीटी कपाशी आली. दहा लाखांतली ती एक सोडून सगळ्या गेल्या. त्या एकीने काही केलं नाही, काही शिकली नाही, कशाची सवय करून घेतली नाही. ती जन्मली तशीच होती. फक्त आता आसपास दुसरं कुणी उरलं नव्हतं.

दारुड्याचं उदाहरण इथेच फसतं. दारुड्याला पिऊन पिऊन दारू पचायला लागते, ते त्याच्या एकट्याच्या आयुष्यात घडतं, आणि त्याचं पोरगं ते घेऊन जन्मत नाही. अळीच्या बाबतीत एकही अळी आयुष्यात बदलली नाही. बदललं ते अळ्यांच्या गर्दीतलं प्रमाण.

आश्रय ओळींचा (रेफ्युजीचा, म्हणजे बीटीच्या कडेने लावायच्या साध्या कपाशीचा) मुद्दा यातूनच निघतो, पण दहावीच्या पेपरांचा गठ्ठा वाट पाहतोय. प्रतिसादांत लिहितो.

---

चिंचपोकळीकर, रात्री १०:०५

झकास. शहरी माणसाची बाळबोध शंका. ती मोडकी प्रत आधीपासून होती हे कशावरून? विष पोटात गेल्यावर अळीच्या जनुकात 'चला, खुंटी मोडू या' असा बदल होत नसेल कशावरून? तुम्ही सांगताय ते तर्काला पटतं, पण तर्काला पटणं आणि खरं असणं यात कांदा आणि कांदेपोहे इतका फरक आहे.

---

मेंडेलचा वाटाणा, रात्री १०:४८

चिंचपोकळीकर, हीच शंका १९४०-५० च्या सुमारास भल्याभल्यांना होती, आणि ती फेडणारा एक प्रयोग इतका देखणा आहे की मला तो दर वेळी सांगायला आवडतो.

१९५२. जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग हे अमेरिकन जोडपं. काचेच्या थाळीत खाद्याच्या थरावर जिवाणूंच्या वसाहती वाढवल्या. मग एका गोल ठोकळ्यावर मखमलीचा तुकडा ताणून बसवला आणि तो थाळीवर अलगद टेकवला. मखमलीच्या बारीक तंतूंना प्रत्येक वसाहतीतले थोडे थोडे जिवाणू लागले. तोच ठोकळा मग ओळीने दुसऱ्या थाळ्यांवर शिक्क्यासारखा दाबला. या दुसऱ्या थाळ्यांत जिवाणूंना मारणारा घटक मिसळलेला होता.

जवळजवळ सगळे मेले. काही ठिपके वाचले. गंमत पुढे आहे: सगळ्या थाळ्यांवर ठिपके त्याच जागी वाचले. विष भेटल्यावर बदल होत असता तर या थाळीत इथे, त्या थाळीत तिथे असं कुठेही व्हायला हवं होतं. मग त्यांनी मूळ थाळीतली, म्हणजे जिने विषाचं तोंडही पाहिलं नव्हतं तिच्यातली, नेमकी तीच जागा शोधली. तिथले जिवाणू उचलले तर ते आधीच टणक, म्हणजे विषाला दाद न देणारे, निघाले.

म्हणजे फरक आधी, चाळण नंतर. अळीच्या बाबतीतही पुरावा आहे. अमेरिकेत ॲरिझोनात बीटी कपाशी १९९६ ला आली आणि १९९७ च्या शेतातल्या गुलाबी बोंडअळ्या तपासल्या तर मोडक्या प्रतींचं प्रमाण अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघालं. एका हंगामात इतकं 'शिकायला' अळीला शिकवणीच लावावी लागली असती. (आणि तरीही तिथे पुढे ते वाढलं नाही. का, ते पऱ्हाटीवाला सांगतीलच, मी त्यांचा घास काढून घेत नाही.)

---

आडवा_नांगर, रात्री ११:१५

मास्तर, लिवलं त्ये बेस लिवलं. आता आमचंबी आयका.

रेफ्युजीचं पाकीट मले आठोते. साडेचारशे ग्रामच्या बीटीसंगं १२० ग्रामची ते बारकी पुडी भेटे. बिगर बीटीची. सांगत का कडंनं पाच ओळी लावा. आता तुमीच सांगा, ज्या ओळीत अळी पडनार हे पक्कं माईत हाये ते ओळ कोन लावनार? एका साली म्या लावली. अर्ध्या जागी उगवलीच नाई, उगवली ते झाड वायलंच, फुलावर आलं तवा बाकीचं वावर बोंडावर. बुढा म्हने, "हे पाच ओळी कोनाच्या बापासाठी लावल्या?" दुसऱ्या सालापासून पुडी बांधावर. तिसऱ्या सालापासून पुडी दुकानातच.

आमाले कोनी हे नाई सांगतलं का त्या पाच ओळी अळी पोसासाठीच हायेत. सांगतलं असतं तरी लावल्या असत्या का नाई, ते सोडा.

---

पऱ्हाटीवाला, शनिवार, सकाळी ७:२०

नांगरभाऊ, तुमच्या बुढ्याचा प्रश्न हा या सगळ्या विषयातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. पाच ओळी कुणासाठी? शेजाऱ्याच्या अळीच्या नवऱ्यासाठी.

विनोद नाही. वरचा हिशेब पुढे न्या. वावरभर बीटी आहे, दहा लाखांतली एक 'मम' वाचली, तिचा पतंग झाला. त्याला जोडीदार पाहिजे. आसपास जिवंत कोण? दुसऱ्या कुणाच्या बीटी वावरातून वाचलेला पतंग, म्हणजे तोही 'मम'च. मम आणि मम यांची सगळी पोरं मम. महिना-सव्वा महिन्यात एक पिढी. हंगाम फेब्रुवारीपर्यंत ओढला, फरदड घेतली (वेचण्या संपल्यावरही पीक उभं ठेवून आणखी कापूस काढला), की वर्षाला पाच-सहा पिढ्या.

आता कडेला पाच ओळी साध्या कपाशीच्या आहेत असं धरा. तिथे अळ्या पोसल्या जातात, मस्त जगतात, हजारो. त्या जवळजवळ सगळ्या 'धध'. वाचलेल्या एका 'मम' पतंगाला आता हजारो धड जोडीदार आहेत. पोरं होतील ती सगळी 'धम'. आणि 'धम' बीटीवर मरतात. मोडकी प्रत पुन्हा पुन्हा अशा पोरांत अडकून त्यांच्याबरोबर मरत राहते. पाच ओळींचं काम अळी वाचवणं हेच होतं, साधी अळी वाचवणं.

हे गणित २००२ ला सगळ्यांना माहीत होतं. परवानगीच्या अटीतच होतं: कडेने पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, जे जास्त असेल ते. कागदावर.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि कळली तेव्हा बांधावर उभा राहून हसू आलं. हिरवी बोंडअळी, जिला आपण अमेरिकन म्हणायचो, तिने १९९० च्या दशकात कपाशीचं वाटोळं केलं होतं. बीटी आली ती मुख्यतः तिच्यासाठी. तिचा तसा उच्छाद पुन्हा काही दिसला नाही. रेफ्युजी तर तिच्यासाठीही कुणी लावली नव्हती! पण ती तूर खाते, हरभरा खाते, टमाटे खाते. कपाशीच्या दर काही ओळींमागे आपल्याकडे तुरीची ओळ असतेच, रब्बीत हरभरा. तिची आश्रयाची ओळ आपण डाळीसाठी पेरत होतो. गुलाबी अळीला मात्र कपाशीशिवाय जवळजवळ दुसरं काही चालत नाही. तुरीवर ती उपाशी मरेल. म्हणून एकाच वावरात, एकाच विषासमोर दोन अळ्यांचं नशीब वेगळं झालं.

---

उगाच_काहीतरी, सकाळी ९:०२

सगळं ठीक आहे हो. पण शेवटी अळीची अळीच राहिली ना? तिचा सरडा झाला असता तर उत्क्रांती म्हटलं असतं. मोडकं जनुक म्हणजे तर बिघाड. बिघाडातून काय प्रगती होणार?

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

---

मेंडेलचा वाटाणा, सकाळी ९:३०

पॉपकॉर्न कशाचं? मक्याचं. मक्याचा रानटी पूर्वज पाहिलात तर ते गवत तुम्ही गाईपुढे टाकाल. तर तिथपासून सुरुवात करता येईल, पण राहू दे.

'प्रगती' हा शब्द तुम्ही आणलात, धाग्यात तो नव्हता. बीटी नसलेल्या शेतात मोडकी खुंटी हा बिघाडच आहे. बीटीच्या शेतात तोच बिघाड जीव वाचवतो. चांगलं-वाईट जनुकात नसतं, जनुक आणि परिसर मिळून ठरतं. रेनकोट हा चांगला कपडा आहे की वाईट? जुलैत महाबळेश्वरला विचारा आणि मेमध्ये चंद्रपूरला विचारा.

आणि मोडणं सोपं असतं हीच तर अडचण आहे. घड्याळ बनवायची रीत एक, मोडायच्या शंभर. २०१४ साली भारतातल्या टणक गुलाबी बोंडअळ्यांची जनुकं तपासली तेव्हा कॅडहेरिन बिघडवणारे आठ वेगवेगळे, आधी कुठे न दिसलेले बदल सापडले. एकाच टणक अळीची लेकरं देशभर पसरली असती तर एकच बदल सापडायला हवा होता. म्हणजे ही खुंटी वेगवेगळ्या घराण्यांत वेगवेगळ्या तऱ्हेने मोडलेली होती आणि बीटीने त्या सगळ्यांना वर आणलं.

---

शब्दवेडी, सकाळी ११:१०

मला जीवशास्त्र कळत नाही, पण 'नैसर्गिक निवड' या शब्दावर माझा जुना राग आहे. निवड म्हटलं की मराठीत निवडणारा लागतो. आजी तांदूळ निवडते, मुलीकडचे मुलगा निवडतात. त्यामुळे ऐकणारा लगेच विचारतो, निसर्ग म्हणजे कोण? आणि मग एक तर देव येतो किंवा 'निसर्गाने ठरवलं' असली वाक्यं येतात. चाळण, पाखडण असं काही म्हणता आलं असतं. सूप पाखडताना कोंडा उडतो तो हलका म्हणून. सुपाला कोंड्याबद्दल काही मत नसतं.

---

पऱ्हाटीवाला, सकाळी ११:४५

शब्दवेडीताई, 'पाखडण' मी सोमवारी वर्गात वापरणार. परवानगी घेतली असं समजा.

पण 'निवड' शब्दाची एक बाजू सांगतो. माझी आजी ज्वारीची कणसं काढणीआधी उभ्या वावरात हेरायची, भरगच्च, न लोळलेल्या ताटाची. ती वेगळी कापून, जुडी बांधून चुलीच्या वर धुरात टांगायची, पुढच्या पेरणीचं बियाणं म्हणून. ही खरी निवड, डोळस. डार्विनने आपल्या १८५९ च्या ग्रंथाची सुरुवात याच घरगुती निवडीने केली, कबुतरं पाळणाऱ्यांपासून, आणि मग म्हटलं की असंच काहीसं निसर्गात कुणी न करता घडतं. तिथून तो शब्द चिकटला.

गुलाबी अळीच्या बाबतीत मला तर तिसराच प्रकार वाटतो. आजी जशी कणसं निवडायची तशाच आपण पंधरा वर्षं अळ्या निवडल्या, कोट्यवधी हेक्टर-हंगामांत, उत्तम टणक बियाणं राखलं. फक्त आपण काय करतोय ते आपल्याला दिसत नव्हतं.

---

खरं_बोलू_का, दुपारी १:३०

सरळ सांगा ना, बियाणं कंपन्यांचा डाव होता. आधी एक जनुकाचं विका, मग दोन जनुकांचं, मग तिसरं. आता चोरबीटी, म्हणजे परवानगी नसलेलं बियाणं. अळीच्या नावाने बिल शेतकऱ्यावर.

---

पऱ्हाटीवाला, दुपारी २:१५

चोरबीटीवर वेगळा धागा काढा, इथे तो सुरू झाला की अळी बाजूला राहील.

डाव होता का ते मला माहीत असण्याचं कारण नाही. कालक्रम सांगतो, त्यावरून ज्याने त्याने ठरवावं. २००२ ला एक विष (क्राय१एसी). २००६ ला दोन विषं (त्यात क्राय२एबीची भर), हेच बीजी-२. पहिल्यावर टणक झालेली गुलाबी अळी गुजरातेत अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या चार जिल्ह्यांत सापडल्याचं २०१० मध्ये जाहीर झालं. २०१४-१५ च्या सुमारास गुजरातेतच बीजी-२ वरही ती जिवंत दिसली. २०१७ ला आपल्याकडे.

दोन विषं एकत्र देण्यामागचा विचार चांगला होता. पहिल्याला टणक अळी हजारात एक, दुसऱ्याला हजारात एक, तर दोन्हींना टणक दहा लाखांत एक. पण हा गुणाकार दोन्ही विषं चालू असतानाच चालतो. आपल्याकडे एक विषवाली आणि दोन विषवाली वाणं काही वर्षं शेजारी शेजारी उभी होती. पहिली चाळण पार केलेल्या अळ्यांना दुसरी चाळण एकटीच भेटली. दारात दोन दरवान ठेवले, पण एकाला चोरांनी आधीच ओळखीचा करून घेतला होता.

(अरेरे, 'ओळखीचा करून घेतला' लिहून मीच अळीला हुशार केलं. अर्धा गुण माझाही कापा.)

---

वाळवंटातली_वेल, रात्री ८:५०

इथे टूसॉनला सकाळ आहे. चहा घेताना धागा दिसला आणि राहवलं नाही, कारण ही अळी इथे ॲरिझोनातही होती. 'होती' म्हणतेय, कारण आता नाही.

वर कुणीतरी लिहिलंय की १९९७ मध्ये प्रमाण जास्त असूनही पुढे वाढलं नाही. इथल्या शेतकऱ्यांनी साध्या कपाशीच्या पट्ट्या खरोखर लावल्या, आणि जवळजवळ दहा वर्षं लावल्या. मग २००६ पासून उलटी युक्ती केली. पट्ट्या कमी करत आणल्या आणि त्याऐवजी विमानातून पतंग सोडले. प्रयोगशाळेत वाढवलेले, किरणोत्सर्गाने वांझ केलेले. रानातला वाचलेला पतंग यांच्याशीच जोडी जमवतो आणि अंडी फुकट जातात. अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि उत्तर मेक्सिको धरून एकूण ११ अब्जांहून जास्त पतंग सोडले. त्यांना लहानपणी खाद्यातून लाल रंग खाऊ घालायचे, म्हणजे सापळ्यात पडलेला पतंग आपला की रानातला ते चिरडून पाहिलं की कळे. २०१८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर झालं.

आता लगेच 'अमेरिकेत बघा कसं' म्हणू नका. इथली शेतं शेकडो एकरांची, शेतकरी मोजके. बैठक घ्यायची तर एका खोलीत मावतात. माझं माहेर अकोला जिल्ह्यातलं. तिथे एका गावातल्या कापूसवाल्यांची बैठक घ्यायची तर मांडव घालावा लागेल.

---

मेंडेलचा वाटाणा, रात्री ९:४०

वेलताई, वा. अकोल्याच्या मांडवाला एक चिनी जोड देतो.

चीनमध्ये यांगत्से खोऱ्यातही रेफ्युजी कुणी लावत नव्हतं आणि अळी हळूहळू टणक व्हायला लागली होती. २०१० च्या सुमारास तिथे संकरित कपाशीचं दुसऱ्या पिढीचं बियाणं स्वस्तात मिळायला लागलं. बीटी आणि साधी यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीत मेंडेलच्या नियमाने चारात एक झाड बिनबीटी निघतं. शेतकऱ्याने पैसे वाचवायला ते बियाणं पेरलं आणि नकळत वावरभर पाव हिस्सा रेफ्युजी विखुरली गेली. अळी पुन्हा मऊ पडली. २०१७ मध्ये हे छापून आलं.

आणि आपल्याकडे याच चाराला-एकने घात केला! आपण जवळजवळ सगळी संकरित बीटी लावतो. झाड पहिल्या पिढीचं, त्यामुळे प्रत्येक झाडात बीटी. पण त्याच्या बोंडातली सरकी ही दुसरी पिढी. एका विषाच्या वाणात चारातली एक सरकी बिनविषाची. दोन विषांच्या वाणात १६ तल्या ९ सरक्यांत दोन्ही विषं, ३ मध्ये फक्त पहिलं, ३ मध्ये फक्त दुसरं, १ मध्ये काहीच नाही. आणि गुलाबी अळी खाते काय? पान नाही, सरकी. एका बोंडात तिला थाळी वाढून मिळते: हे विषारी, हे अर्धं, हे निर्धोक. 'धम' अळीने मरायलाच हवं हा सगळ्या गणिताचा पाया, तोच अशा बोंडात डळमळतो, कारण विष अर्धंमुर्धंच पोटात गेलं तर 'धम'ही वाचू शकते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती हे अनेक वर्षं मांडत आले.

म्हणजे वावरात मिसळण झाली तर अळी मऊ, बोंडात मिसळण झाली तर अळी टणक. नियम तोच, फक्त अळी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जात नाही, एका सरकीवरून दुसरीवर जाते.

---

चिंचपोकळीकर, रात्री १०:०२

हा प्रतिसाद तीनदा वाचला. वाचनखूण साठवली. कांदेपोह्यांचं वाक्य मागे घेतो.

---

वैनगंगाकाठ, रविवार, सकाळी ८:३०

मी गडचिरोली भागात आरोग्य खात्यात काम करते. 'धम' वाचताना सारखा सिकलसेल डोळ्यांपुढे येत होता. तिथेही दोन प्रती, दोन्ही बिघडल्या तर आजार, एक बिघडली तर माणूस वाहक, दिसायला ठणठणीत. फरक असा की वाहकाला लहानपणी जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या मुलखात ती प्रत टिकून राहिली. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या निरीक्षणांवरून हे दाखवलं. अळीचा वाहक बीटीवर मरतो, आमचा वाहक मलेरियात तरतो.

लग्नाआधी तपासणी करा म्हणून सांगायला गेलं की हमखास ऐकू येतं, "आमच्या घराण्यात कुणालाच नाही." लपून राहिलेली प्रत दिसत नाही हे समजावणं सगळ्यात कठीण. पुढच्या वेळी पाच ओळींची गोष्ट सांगून बघते, इथे कापूस सगळ्यांना कळतो.

---

पऱ्हाटीवाला, सकाळी ९:१५

वैनगंगाकाठ, यावर तुम्हीच धागा काढा, मनापासून.

नांगरभाऊंना उरलेलं उत्तर. आता वेगळी पुडी येत नाही, ४७५ ग्रॅमच्या पाकिटातच ५ ते १० टक्के साधं बियाणं मिसळलेलं असतं. फेकायची सोय नाही. गुलाबी अळीसाठी याला थोडा उशीर झाला आहे, कारण धड प्रतींचा साठाच आटलाय. म्हणून आता भर जीवनक्रम तोडण्यावर. जूनच्या आधी लागवड होऊ नये म्हणून बियाण्याची विक्रीच उशिरा सुरू करतात. उन्हाळ्यात दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यात झोपलेल्या अळ्या पहिल्या पावसावर पतंग होऊन बाहेर पडतात, आणि तेव्हा वावरात पात्या-फुलंच नसतील तर अंडी घालणार कुठे? डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटायची, फरदड घ्यायची नाही, जिनिंगच्या आवारात सापळे लावायचे, सगळं त्याचसाठी. कंटाळवाणं आहे खरं. पऱ्हाटी उपटायला मजूर मिळत नाही आणि फरदडीचे चार पैसे समोर दिसत असतात. आमच्याकडेही गेल्या वर्षी जानेवारीत दोन एकर उभी होती, खोटं कशाला बोलू.

---

उगाच_काहीतरी, सकाळी ९:५०

एक शेवटचं. फवारणी करता ती पण चाळणच ना? मग उद्या फवाऱ्यालाही टणक.

---

पऱ्हाटीवाला, सकाळी १०:०५

हो. म्हणून एकच औषध लागोपाठ मारू नका सांगतात. पॉपकॉर्न संपलेलं दिसतंय, चांगला प्रश्न विचारलात.

---

आडवा_नांगर, सायंकाळी ६:४०

मास्तर, आज धाग्यापायी वावरात गेलो. येका एकरातून फिरून फिरून वीस हिरवे बोंडं तोडले, बांधावर बसून फोडले. तिनात अळी. दोन पांढऱ्या, येक पुरी शेंदरी. सापळ्यात रातच्याला आठच्या वर पतंग पडून रायले तीन दिसापासून.

पोरगं इचारते, बाबा, ह्या तिघी 'मम' का? म्या म्हनलं बीटीच्या बोंडात जित्ती हाये म्हंजे तसंच समज.

उद्या पंप काढतो. येक सांगा, मांगच्या पंदरवड्यात मारलं तेच औषध घरात अर्धी बाटली उरलं हाये. तेच मारू का दुसरं आनू?

---

पऱ्हाटीवाला, सायंकाळी ६:५५

दुसरं. औषधाचा रासायनिक गट वेगळा पाहिजे, नुसतं नाव वेगळं नको. उरलेल्या बाटलीच्या लेबलचा फोटो पाठवा, मी सांगतो. आणि तोंडाला रुमाल, हातमोजे, वाऱ्याच्या दिशेने मारा. २०१७ ला यवतमाळात फवारताना झालेली विषबाधा विसरू नका.